हवेंतून घडलेलें लाकूड

एक किलो वाळलेलें लाकूड चुलींत घालून पुरतें जळूं दिलें, तर मागें किती राख उरते, हें तुमच्यांपैकीं कितीजणांनीं तोलून पाहिलें आहे ? पुष्कळ घरांत आतां गॅसची शेगडी आली आहे. तरी आजोळची चूल किंवा पाणी तापविण्याचा बंब कांहींजणांस ठाऊक असेलच. राख उरते ती दहावीस ग्रॅम, फार तर मूठभर. मग बाकीचें लाकूड गेलें कोठें ? ‘जळून गेलें’ हें उत्तर पुरें पडत नाहीं. कारण पदार्थाचा नाश होत नाहीं, त्याचें केवळ रूपांतर होतें, हें रसायनशास्त्राच्या पहिल्याच धड्यांत आपण शिकतों. लाकूड हवेंत गेलें. आणि जें हवेंत गेलें, तें मूळचें हवेंतूनच आलेलें होतें. ही एवढी एक गोष्ट नीट उमगली, म्हणजे झाडें लावल्यानें पृथ्वीची वाढती उष्णता आवरण्यास किती साहाय्य होतें आणि किती होत नाहीं, याचा बराचसा उलगडा होतो.

झाड माती खाऊन वाढतें, ही समजूत फार जुनी आहे. आपण खड्डा खणतों, खत घालतों, मुळें मातींत रुजतात. तेव्हां झाडाचें अंगही मातीचेंच असणार, असें कोणासही वाटावें. ब्रुसेल्सच्या परिसरांत व्हॅन हेल्मोंट नांवाचे एक वैद्य व रसायनज्ञ होऊन गेले. त्यांनीं ही समजूत तराजूंत घातली. भट्टींत वाळविलेली २०० पौंड माती त्यांनीं एका कुंडींत भरली, आणि तींत ५ पौंड वजनाचें विलो जातीचें रोप लावलें. हें झाड आपल्याकडे ओढ्याकांठीं वाढणाऱ्या वाळुंजाच्या कुळांतलें. बाहेरची धूळ कुंडींत पडूं नये म्हणून तिजवर भोकें पाडलेलें पत्र्याचें झांकण बसविलें, आणि पांच वर्षें निव्वळ पाणी घातलें. पांच वर्षांनीं झाड उपटून तोललें, तों तें १६९ पौंड व सुमारें ३ औंस भरलें. माती पुन्हां वाळवून तोलली. ती अवघी सुमारें २ औंसांनीं कमी झाली होती!

माती झाड झाली नाहीं, हें तर सिद्ध झालें. यावरून हेल्मोंट यांनीं असें अनुमान काढलें कीं, झाड सर्वस्वीं पाण्याचें बनतें. हें अनुमान चुकलें. पण यांतील मौज पुढेंच आहे. याच गृहस्थांनीं ६२ पौंड लोणारी कोळसा जाळून पाहिला होता, आणि मागें एकच पौंड राख उरते, बाकीचे ६१ पौंड एका अदृश्य पदार्थाच्या रूपानें निघून जातात, असें नमूद करून ठेविलें होतें. अशा पदार्थांस ‘गॅस’ हा शब्दही त्यांनींच प्रथम योजिला. म्हणजे लाकडांतून हवेंत काय जातें, हें त्यांच्या एका हातांत होतें, आणि झाडाचें वजन कोठून येतें, हा प्रश्न दुसऱ्या हातांत होता. दोन्ही हात मात्र जुळले नाहींत. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ सालीं प्रसिद्ध झाला. ते हात जुळण्यास पुढें दीडशें वर्षें जावीं लागलीं. इंगेनहाउस या डच वैद्यांनीं १७७९ सालीं दाखवून दिलें कीं, वनस्पतींचीं हिरवीं पानें सूर्यप्रकाश असेल तेव्हांच हवा शुद्ध करतात, अंधारांत करीत नाहींत. आणि जिनीव्हाच्या सोस्यूर यांनीं १८०४ सालीं काटेकोर मापें घेऊन झाडाचें वजन हवेंतील कर्ब व मुळांकडील पाणी या दोहोंपासून वाढतें, हें निश्चित केलें.

हवेंत कार्बन डायॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्यास मराठींत कर्बवायु म्हणतात. कर्बाचा एक अणु व प्राणवायूचे दोन अणु मिळून त्याचा एक रेणु होतो. पानांच्या पाठीवर सूक्ष्म रंध्रें असतात. त्यांतून हा वायु आंत शिरतो. पानांतील हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या बळानें त्यांतील कर्बाची व मुळांनीं पाठविलेल्या पाण्याची सांगड घालून साखर बनवितें, आणि प्राणवायु बाहेर सोडून देतें. या साखरेपासूनच पुढें पान, फळ, साल व लाकूड घडतें. वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकीं जवळजवळ निम्में वजन एकट्या कर्बाचें असतें. मातीचा वांटा म्हणजे ती चुलींतली मूठभर राख. शाळेच्या दारांतील वडाखालीं तुम्ही उभे राहतां, तेव्हां तुमच्या डोक्यावर जी कित्येक टनांची काया पसरलेली असते, ती एके काळीं गांवावरून वाहणाऱ्या वाऱ्यांत होती.

आतां या वायूचा उष्णतेशीं संबंध काय, तें पाहूं. सूर्याची उष्णता पृथ्वीवर येते आणि पृथ्वी ती पुन्हां आकाशाकडे परतवीत असते. या परतणाऱ्या उष्णतेचा कांहीं भाग कर्बवायु अडवून धरतो. तो मुळींच नसता तर पृथ्वी गोठून गेली असती; तेव्हां त्याचें नांव घेतांच कपाळास आंठ्या घालण्याचें कारण नाहीं. प्रश्न प्रमाणाचा आहे. अमेरिकेंतील युनिस फूट या बाईंनीं १८५६ सालीं कांचेच्या नळ्यांत निरनिराळे वायु भरून उन्हांत ठेविले, तेव्हां कर्बवायूची नळी सर्वांत अधिक तापली. लंडनच्या टिंडाल यांनीं १८५९ पासून हेंच अधिक सूक्ष्म उपकरणांनीं मोजलें. आणि स्वीडनच्या अर्‍हेनियस यांनीं १८९६ सालीं हा वायु दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल, याचें गणित मांडलें.

हा वायु वाढला कसा ? चंद्रपूर किंवा राणीगंज येथील दगडी कोळसा म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या अरण्यांचें लाकूड होय. तीं अरण्यें चिखलांत गाडलीं गेलीं, आणि त्यांनीं हवेंतून घेतलेला कर्ब जमिनीखालीं बंद झाला. तें कोठार आपण गेल्या दोनअडीचशें वर्षांत उघडलें, व आगगाड्या, गिरण्या आणि वीजघरें यांत तें जाळीत सुटलों. पुढें खनिज तेलाची त्यांत भर पडली. कारखान्यांचें युग येण्यापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बवायूचे सुमारें २८० भाग होते. चार्ल्स कीलिंग यांनीं हवाई बेटांतील मौना लोआ या पर्वतावर १९५८ सालीं नियमित मोजणी सुरू केली, तेव्हां ते सुमारें ३१५ झाले होते. २०२४ सालची सरासरी सुमारें ४२४ आहे.

कीलिंग यांच्या मोजणीचा आलेख तुम्हीं अवश्य पाहावा. ती रेघ सरळ चढत नाहीं. करवतीच्या दात्यांप्रमाणें दर वर्षीं एकदां वर जाते व एकदां खालीं येते. मे महिन्यांत ती शिखरास पोहोंचते, आणि तेथून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत उतरते. कारण पृथ्वीवरील बहुतेक जमीन उत्तर गोलार्धांत आहे. तेथील अरण्यांस उन्हाळ्यांत पालवी फुटते आणि तीं हवेंतला कर्ब ओढून घेतात. हिवाळ्यांत पानें गळून कुजतात व तोच कर्ब परत हवेंत जातो. सगळ्या अरण्यांचा मिळून वर्षाला एक श्वास ! माझ्या मतें विज्ञानांत याहून सुंदर आकृति थोड्याच असतील. परंतु तींत एक इशाराही आहे. झाडांनीं घेतलेला सर्वच कर्ब त्यांच्यापाशीं राहत नाहीं. पानांतला कर्ब वर्षादोनवर्षांत परततो. खोडांत, मुळांत व मातींत गेलेला तेवढा टिकतो, आणि तोही झाड उभें आहे तोंवर.

एक झाड किती कर्ब साठवितें, हें गणित तुम्हांस वर्गांत करतां येईल. समजा, शाळेच्या आवारांतील एका झाडाच्या बुंध्याचा घेर ९४ सेंटिमीटर व उंची १२ मीटर आहे. घेरावरून व्यास काढला तर तो ३० सेंटिमीटर येतो, आणि छेदाचें क्षेत्रफळ ०.०७ चौरस मीटर होतें. खोड वर निमुळतें होत जातें, म्हणून तितक्याच उंचीच्या दंडगोलाच्या निम्मे घनफळ धरूं. तें सुमारें ०.४२ घनमीटर होईल. मध्यम जातीच्या वाळलेल्या लाकडाचें वजन दर घनमीटरास ६०० किलो धरलें, तर खोड सुमारें २५० किलो भरतें. फांद्यांसाठीं त्यांत एक तृतीयांश मिळवा, मग मुळांसाठीं आलेल्या बेरजेचा चतुर्थांश मिळवा. सर्व मिळून ४२५ किलोंच्या आसपास येईल. त्याचा निम्मा, म्हणजे सुमारें २१२ किलो, कर्ब. कर्बाचा अणुभार १२ व कर्बवायूचा रेणुभार ४४. म्हणून २१२ ला ४४ नें गुणून १२ नें भागा. उत्तर ७८० किलोंच्या आसपास येतें. हें झाड वाढण्यास चांगल्या जमिनींतही वीसपंचवीस वर्षें लागतात.

आतां दुसऱ्या पारड्यांत काय आहे तें पाहा. आपल्या देशांत बरीचशी वीज कोळशापासून होते, त्यामुळें एक युनिट विजेमागें सरासरीनें सुमारें ०.७ किलो कर्बवायु हवेंत जातो. महिन्याला १०० युनिट वीज वापरणारें कुटुंब अकरा महिन्यांत ७८० किलोंच्या जवळ पोहोंचतें. म्हणजे एका झाडाची वीसपंचवीस वर्षांची मिळकत एका साध्या घराचे दिवे, पंखे व शीतपेटी वर्ष संपण्याच्या आंत खर्चून टाकतात. पालकांनींही हा आंकडा विजेचें बिल पुढें ठेवून ताडून पाहावा. सगळ्या जगाचा विचार केला, तर कोळसा, तेल व वायु जाळून दर वर्षीं सुमारें ३,७०० कोटी टन कर्बवायु बाहेर पडतो. वरच्यासारखीं पावणेपांच हजार कोटी झाडें पूर्ण वाढलीं, तर त्या एका वर्षाची भरपाई होईल. आणि पुढल्या वर्षीं पुन्हां तितकींच नवीं झाडें हवींत.

२०१९ सालीं झुरिक येथील संशोधकांनीं असा हिशेब प्रसिद्ध केला कीं, जगांत आणखी ९० कोटी हेक्टर जमिनीवर वृक्षांचें छत्र उभें राहूं शकेल, व तें पूर्ण वाढल्यावर २०,५०० कोटी टन कर्ब साठवील. वर्तमानपत्रांतून या बातमीचा मोठा गाजावाजा झाला. परंतु अनेक शास्त्रज्ञांनीं तिजवर हरकत घेतली. गवताळ प्रदेशांच्या मातींत आधींच असलेला कर्ब वजा केलेला नाहीं, आंकडा फार फुगलेला आहे, आणि झाडें लावणें हाच सर्वांत प्रभावी उपाय होय असें म्हणणें रास्त नव्हे, असे ते आक्षेप होते. त्या विधानास पुढें लेखकांनीं मुरडही घातली. कोळसा जाळण्याचें सोडून केवळ रोपें लावीत बसणें, म्हणजे नळ उघडा ठेवून फडक्यानें ओटा पुसणें आहे. तथापि ओटा पुसूंच नये, असेंही कोणी म्हणणार नाहीं.

मग झाड लावण्यांत कोणती गोष्ट अधिक मोलाची ? लावणें कीं राखणें ? महाराष्ट्रांत १ जुलै २०१६ रोजीं एका दिवसांत दोन कोटी झाडें लावण्याचा संकल्प सोडला गेला. २०१९ सालीं तो ३३ कोटींवर गेला. संख्या ऐकून छाती फुगते खरी. पण खड्ड्यांत ठेविलेलें रोप म्हणजे अद्याप कांहींच नव्हे. त्यांत साठलेला कर्ब चिमूटभर असतो, आणि पहिल्याच एप्रिलांत तें वाळलें तर तोही उरत नाहीं. झाडानें मनावर घेण्यासारखा साठा करावयास प्रारंभ करण्यापूर्वीं कोणीतरी त्यास चारपांच उन्हाळे जगविलेलें असावें लागतें.

असें जगविणें म्हणजे काय, याचें उदाहरण शेजारच्या कर्नाटकांत आहे. बंगळूरजवळ मागडी तालुक्यांत हुलिकल नांवाचें गांव आहे. तेथील थिम्मक्का या मोलमजुरी करणाऱ्या बाई कधीं शाळेंत गेल्या नव्हत्या, आणि त्यांस मूलबाळ नव्हतें. त्यांनीं व त्यांचे पति चिक्कय्या यांनीं गांवाहून कुदूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेस वडाचीं रोपें लावलीं. पहिल्या वर्षीं दहा, दुसऱ्या वर्षीं पंधरा, तिसऱ्या वर्षीं वीस. एका वेळीं जेवढीं जगवितां येतील तेवढींच. लागवड पावसाळ्यांत करावयाची, म्हणजे पहिले कांहीं महिने पाणी फुकट. पुढें घागरी घेऊन चार चार किलोमीटर चालत पाणी न्यावयाचें, आणि गुरांनीं तोंड घालूं नये म्हणून प्रत्येक रोपाभोंवतीं काटेरी फांद्यांचें कुंपण करावयाचें. अशीं ३८५ वडाचीं झाडें त्या रस्त्यावर उभीं राहिलीं. कन्नडमध्यें ओळीनें उभ्या असलेल्या झाडांस ‘सालुमर’ म्हणतात. त्यावरून लोक त्यांस सालुमरद थिम्मक्का म्हणूं लागले. २०१९ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्याच वर्षीं रस्ता रुंद करण्याकरितां हीं झाडें तोडावयाची योजना पुढें आली, आणि शंभरी ओलांडलेल्या थिम्मक्कांस मुख्यमंत्र्यांकडे तीं वांचविण्याची विनंती करावी लागली. सरकारनें दुसरा मार्ग शोधण्याचें कबूल केलें. २०२५ सालीं त्या निवर्तल्या.

अर्धशतकाचा कर्ब एका करवतीनें आठवड्याभरांत मोकळा होऊं शकतो, हें या हकिकतीवरून दिसतें. तोडलेल्या झाडाचें सरपण झालें तर कर्ब त्याच दिवशीं परत गेला. त्याची तुळई किंवा कपाट झालें तर तो लाकूड टिकेल तितकीं वर्षें घरांत राहिला. जुन्या वाड्याच्या सागवानी तुळयांत पेशवाईंतली हवा अजून बंद आहे, असें म्हटलें तर तें अलंकारिक नव्हे, अक्षरशः खरें आहे.

झाड कोठें लावूं नये, हेंही सांगितलें पाहिजे. कारण येथें उत्साही मंडळींचा हात घसरतो. सोलापूर, अहिल्यानगर व पुणें या जिल्ह्यांतील माळरानें पाहून पुष्कळांस तीं ओसाड वाटतात, आणि तेथें झाडें लावण्याची इच्छा होते. तीं ओसाड नसतात. कमी पावसाच्या त्या प्रदेशाचें तें नैसर्गिक रूप आहे. गवत आपला कर्ब जमिनीखालीं, मुळांत व मातींत ठेवितें. वणवा लागला किंवा दुष्काळ पडला तरी तो बहुतांशीं तेथेंच राहतो. त्या गवतावर काळवीट, लांडगा व खोकड जगतात, आणि धनगरांचीं मेंढरें चरतात. माळढोक पक्ष्यासाठीं नान्नज येथें १९७९ सालीं अभयारण्य झालें. आज हा पक्षी महाराष्ट्रांतून जवळजवळ नाहींसा झाला आहे. त्याच्या ऱ्हासास शेतीचा विस्तार, शिकार, विजेच्या तारा अशीं अनेक कारणें आहेत. माळावर केलेली झाडांची लागवड हेंही त्यांतलेंच एक. तेव्हां खड्डा खणण्यापूर्वीं त्या जागीं पूर्वीं काय उगवत होतें, हें गांवच्या वृद्धांस विचारावें.

उलट, कर्बाचीं कांहीं जुनीं कोठारें आपल्या डोळ्यांसमोर असूनही आपण त्यांची गणती करीत नाहीं. कोंकणच्या खाड्यांतील तिवरें व चिपी यांखालच्या चिखलांत प्राणवायु फार थोडा असतो. त्यामुळें गळलेलीं पानें व मुळें तेथें सहसा कुजत नाहींत, आणि शतकानुशतकें कर्ब सांठत जातो. सह्याद्रींतील देवरायांचेंही तसेंच. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत या रायांचा अभ्यास करून, कोठेंही न उरलेलीं झाडें व वेली त्यांत कशा टिकल्या आहेत, हें नोंदविलें. अशी एक राई तुटली, तर तिची उणीव भरून काढण्यास नवीं रोपें किती पिढ्या घेतील, याचा हिशेब वर दिलेल्या रीतीनें ज्यानें त्यानें करून पाहावा.

ज्यांस या पावसाळ्यांत झाड लावावयाचें असेल, त्यांनीं खड्डा मे महिन्यांत खणून तापूं द्यावा. दीडदोन फूट लांब, रुंद व खोल असला म्हणजे पुरे. वड, उंबर, करंज, कडुनिंब, जांभूळ, चिंच यांपैकीं आपल्या भागांत आपोआप वाढतांना दिसतें तेंच झाड निवडावें. रोप लावतांना पिशवी फाडून काढावी. ती तशीच पुरली तर मुळें आंतल्या आंत गोल फिरत राहतात, व झाड दोनचार वर्षांनीं वादळांत आडवें होतें. पहिल्या दोनतीन उन्हाळ्यांकरितां बुंध्यापासून हातभर अंतरावर एक मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरावें, आणि तें दर तीनचार दिवसांनीं भरावें. पाणी पाझरत मुळांपर्यंत जातें, उन्हानें वाया जात नाहीं. दहा रोपें लावून दोन जगविण्यापेक्षां तिघांचौघां मित्रांनीं मिळून एकच लावावें, व सुटींत पाण्याची पाळी कोणाची, तें जूनमध्येंच ठरवून घ्यावें.

घेर मोजावयाचा तो जमिनीपासून साडेचार फुटांवर. दरवर्षीं एकाच तारखेस, त्याच जागीं, न ताणतां दोरी गुंडाळून मोजावा, आणि आंकडा वहींत उतरवून ठेवावा. पहिलीं चारपांच वर्षें झाड तेवढें उंच किंवा जाड नसेल. तोंवर नुसती उंची लिहावी. शाळा सोडून जातांना ती वही खालच्या वर्गांतील कोणास द्यावयाची, तेंही आधींच ठरविलेलें बरें.